वाइल्डलाइफ इकॉलॉजिस्टला रोज जंगलात फिरायला मिळतं का? बारावीनंतर यात यायचं तर काय करावं?

मी गोव्यात विद्यापीठात शिकवते आणि पाणमांजरांवर काम करते, त्यामुळे माझ्यापुरतं सांगते. जंगल कमीच, माझं निम्मं काम चोडण बेटावरच्या खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल खाऱ्या जमिनीतल्या, बांधांवर चालतं. ओहोटीची वेळ बघून रायबंदरहून फेरीबोट पकडायची आणि बांधावर वाकून विष्ठा शोधत फिरायचं. हो, विष्ठाच. पाणमांजरं कळपाने ठरलेल्या जागी येऊन घाण करतात, ताजी असेल तर काळपट, ओली, माशाचा उग्र वास, वाळली की नुसते खवले आणि कुर्ल्यांच्या कवचाचे तुकडे. ती पिशवीत भरायची, जीपीएस लिहायचा, लॅबमध्ये चाळणीवर धुवायची आणि मायक्रोस्कोपखाली खवल्यावरून मासा ओळखायचा. मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ, जास्त सापडते कारण पाणी आत-बाहेर होताना मासे तिथेच गोळा होतात, हे मला तिथे जाळं लावणाऱ्या एका काकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

प्राणी स्वतः क्वचित दिसतो. आणि काहीच सापडलं नाही तर वहीत शून्य लिहायचं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एका फेरीत काही मिळालं नाही म्हणजे प्राणी तिथे नाहीच असं नसतं ना, म्हणून त्याच बांधावर चार-पाच वेळा जायचं, मग सापडण्याची शक्यता किती ते गणिताने काढता येतं. आमच्या एका विद्यार्थ्याने रिकाम्या फेऱ्या लिहिल्याच नाहीत, अख्खा सीझन परत करावा लागला, रडला बिचारा. वाघांचं काम करणारेही असेच काटेकोर, दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात जानेवारी २०२० मध्ये चार वाघ मेलेले सापडले तेव्हा फार वाईट वाटलं, आणि अशा नोंदी किती लागतात तेही कळलं.

शिक्षणाचं म्हणाल तर बीएस्सीला झूऑलॉजी किंवा बॉटनी चालेल पण स्टॅटिस्टिक्सला घाबरू नका. मग एमएस्सी, डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट किंवा बंगळुरूचं नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस (एनसीबीएस) बघा. पुढे पीएचडीची पाच-सहा वर्षं धरा, प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा काढून ठेवा. अभयारण्यात काम करायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते, त्यासाठी थांबायची तयारी ठेवा.

तोवर एखाद्या रविवारी वही घेऊन चोडणला जाऊन या. ओहोटी बघून जा, चिखलातले ठसे तेव्हाच दिसतात.