तासाला कळतं, स्क्रीनसमोर सुचत नाही

पहिल्या सेमिस्टरचे सात-आठ आठवडे झाले की माझ्याकडे एक ठरलेली तक्रार येते. शब्द इकडचे तिकडे, रडगाणं तेच: "मॅडम, तासाला सगळं कळतं. सरांनी सोडवून दाखवलं की वाटतं, सोपंच तर आहे. पण घरी कोरा स्क्रीन समोर आला की एक ओळ सुचत नाही. प्रोग्रामिंग माझ्या डोक्यातच नाहीये का?"

मी विद्यार्थ्यांची समुपदेशक आहे, प्रोग्रामर नाही. 'फॉर लूप' (त्याच ओळी पुन्हापुन्हा करायला लावणारी सूचना) हा शब्दसुद्धा मी याच खुर्चीत बसून शिकले. अशीच तक्रार घेऊन आलेल्या एका मुलीच्या बाबतीत माझं ते अडाणीपणच कामी आलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

शाळेत गणितात कायम पुढे असलेली मुलगी. आली तीच शाखा बदलण्याचा अर्ज भरून, फक्त सही बाकी होती. लॅबमध्ये तिच्या शेजारी बसणारा मुलगा शाळेपासून कोड लिहीत आलेला. त्याच्या कीबोर्डची टकटक सुरू झाली की हिच्या पोटात गोळा यायचा. दोन असाइनमेंट हिने मैत्रिणीच्या उतरवल्या होत्या, तिसरी एआयकडून लिहून घेतली होती. तिन्हींना पूर्ण गुण. "त्याचंच जास्त वाईट वाटतं," ती म्हणाली.

पहिल्या भेटीत मी चुकले. धीर दिला, सराव कर म्हटलं, हळूहळू जमेल म्हटलं. तिने शांतपणे विचारलं, "सराव म्हणजे नेमकं काय करू? स्क्रीनकडे बघत बसू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शिवाय तिने कुठेतरी वाचलं होतं की प्रोग्रामर जन्मावा लागतो. या समजुतीला एक इतिहास आहे. 2006 च्या सुमारास सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट या संशोधकांनी एक निबंध फिरवला होता. कोर्स सुरू व्हायच्या आधीच एका छोट्या चाचणीवरून कोणाला प्रोग्रामिंग जमेल आणि कोणाला नाही हे ओळखता येतं, असा त्यांचा दावा होता. तो वाऱ्यासारखा पसरला. 2014 मध्ये बोर्नाट यांनी स्वतःच तो मागे घेतला, पण ते फारसं कोणाच्या कानावर गेलं नाही. मी तिला आणखी एक आकडा सांगितला. 2001 मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांत, प्रोग्रामिंगचे सुरुवातीचे कोर्स केलेल्या मुलांना एकसारखे प्रश्न सोडवायला दिले होते. 110 पैकी सरासरी गुण पडले 23 च्या आतबाहेर. शिकवणाऱ्यांनाच धक्का बसला होता. ती पहिल्यांदा जरा हसली. आकड्यांनी माणूस बरा होत नाही, पण आपण एकटेच बुडत नाही एवढं कळतं.

दुसऱ्या भेटीला मी तिला लॅपटॉप मिटून ठेवायला सांगितला आणि तिचा एक न चाललेला प्रोग्राम कागदावर लिहून मागितला. तीन विषयांच्या गुणांची सरासरी काढायची होती. गुण होते 40, 50 आणि 60. सरासरी 50 यायला हवी, तिच्या स्क्रीनवर 20 येत होते. दोन रात्री ती त्यावर घालवून बसली होती.

"मला यातलं काही कळत नाही," मी म्हटलं, "तर मीच मशीन होते. तू एकेक ओळ वाच, मी तेवढंच करते."

मी पेन्सिलने दोन रकाने आखले, एक 'गुण', एक 'टोटल'. ती झरझर सांगू लागली, "इथे लूप फिरतो आणि बेरीज होते."

"बेरीज होते असं कुठे लिहिलंय? ओळ वाच."

तिने वाचलं. लूपच्या आत पहिली ओळ, टोटल बरोबर शून्य. दुसरी ओळ, टोटल बरोबर टोटल अधिक गुण. मी टोटलच्या रकान्यात 0 लिहिलं, ते खोडून 40 लिहिलं. लूप पुन्हा वर गेला. 40 खोडलं, 0 लिहिलं, मग 50. पुन्हा खोडलं, 0, मग 60. लूप संपला. 60 भागिले तीन, वीस.

ती त्या खोडाखोडीकडे बघतच राहिली. मग काहीशा रागानेच म्हणाली, "पण दर वेळी शून्यापासून सुरू करायचं नाहीये हे त्याला कळायला नको?"

गाठ नेमकी इथे होती. रॉय पी या संशोधकाने 1986 मध्ये नवशिक्यांच्या या चुकीला 'सुपरबग' म्हटलं होतं: यंत्राच्या आत कोणीतरी समजूतदार बसलंय आणि ते आपल्या मनातलं ओळखून घेईल, अशी न बोललेली समजूत. हुशार मुलांनाही ती असते. तयार उत्तर वाचताना ही समजूत उघडी पडत नाही, कारण अर्थ आपणच भरत जातो. म्हणून तासाला सगळं 'कळतं'.

मग सरावाचा अर्थ आम्ही दोघींनी मिळून ठरवला. रोज दहा ओळींच्या आतला एक प्रोग्राम. रन करण्याआधी कागदावर रकाने आखायचे, उत्तर काय येईल ते पेनाने लिहायचं आणि मगच बटण दाबायचं. अंदाज चुकला तर प्रोग्रामला हात न लावता आधी कुठल्या ओळीला आपण फसलो ते शोधायचं. चालणाऱ्या प्रोग्रामची एक ओळ बदलून पुन्हा तेच. मैत्रिणीचं किंवा एआयचं उत्तर बघायला बंदी नव्हती. बंदी घातली की मुलं लपून बघतात, हे मी पुरतं शिकलेय. अट एवढीच, की बघून झालं की बंद करायचं, अर्धा तास दुसरं काही करायचं आणि मग आपल्या हाताने लिहायचं. जिथे अडेल ती ओळ घेऊन लॅबमधल्या शिक्षकांकडे जायचं. "मला काहीच येत नाही" असं न म्हणता "या ओळीनंतर टोटल 60 का होतं" असं विचारायचं. हे शेवटचं तिला सगळ्यात जड गेलं. शेजारचा ऐकेल, हीच भीती.

मधल्या परीक्षेत ती जेमतेम पास झाली. अर्ज अजून बॅगेतच होता, मी विषय काढला नाही.

पुढच्या भेटीत नवा प्रोग्राम आणला होता: 50 आणि त्यावर गुण असलेले किती, ते मोजायचं. मी पुन्हा मशीन झाले. यादी होती 35, 50, 72. पस्तीसला मी गप्प बसले, 50 ला रकान्यात 1 लिहिलं आणि बाहत्तरकडे वळले.

"थांबा, मॅडम." तिने माझी पेन्सिल धरली. "तुम्ही मनाने करताय. मी '50 पेक्षा जास्त' लिहिलंय. पन्नास त्यात बसत नाही."

मी 1 खोडलं. ती कागदाकडे बघत राहिली, मग स्वतःशीच म्हणाली, "अरे, म्हणजे माझीच अट चुकलीये," आणि माझ्या हातातून पेन्सिल घेऊन 'किंवा समान' लिहायला लागली.