पळसदरीला रेल्वे स्टेशन कशासाठी आहे?

कर्जत सुटलं की पुण्याच्या गाडीतून पळसदरीची पाटी दिसते, गाडी थांबत मात्र नाही. मग एवढ्याशा गावाला स्टेशन कशाला, असा तुमचा प्रश्न आहे. माझं आजोळ त्याच पट्ट्यातलं, म्हणून सांगतो.

रेल्वे पळसदरीसाठी आलीच नव्हती. ती घाटाच्या पायथ्याशी आली, आणि गाव वाटेत होतं. १८५६ च्या मे महिन्यात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने पळसदरीवरून खोपोलीपर्यंत गाडी सुरू केली. खोपोलीच का? कारण बोरघाटाचा गाडीरस्ता तिथूनच वर चढायचा. १८५८ साली खंडाळा-पुणे लाइनही चालू झाली, मधला डोंगर तेवढा राहिला. पुढची पाच वर्षं माणसं खोपोलीला उतरायची, पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडी करून घाट चढायची आणि खंडाळ्याला परत गाडीत बसायची. आपण लोणावळ्यापर्यंत बसायला जागा नाही म्हणून कुरकुरतो!

आता खोपोलीहूनच सरळ वर रूळ का टाकले नाहीत? तिथे डोंगर एकदम उभा आहे. इंजिनाला जेमतेम झेपेल असा चढ ३७ फुटांना १ फूट, आणि असा चढ काढायचा तर डोंगराची लांबलचक सोंड हवी. ती पळसदरीच्या बाजूने मिळाली, म्हणून फाटा इथे फुटला. घाटातल्या रेल्वेकामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ठेका सोडला नाही. दोन इंजिनिअर हाताशी धरून काम तडीस नेलं. १८६३ ला घाट खुला झाला. म्हणजे मेन लाइन वर गेली आणि एके काळचं शेवटचं स्टेशन खोपोली फाट्यावर पडलं.

पळसदरीला आजही थांबते ती खोपोली लोकल. पुढे केळवली, डोलवली, लौजी, की आलं खोपोली. मार्ग एकेरी, गाड्या मोजक्या. एक चुकली की मामा घड्याळाकडे न बघता सरळ रस्त्याकडे चालायला लागायचा, रिक्षा बघायला. आम्ही पोरं मात्र फलाटावरच रेंगाळायचो. पुण्याकडची गाडी आली की आधी पुढचं इंजिन जायचं, मग डबे, आणि सगळ्यात शेवटी कर्जतला जोडलेले बँकर, म्हणजे घाट चढायला लावलेली जादा इंजिनं, पाठीमागून ढकलत. ते गेले तरी पायाखालची फरशी थोडा वेळ थरथरत राहायची. शेजारी पळसाच्या पानावर करवंदं घेऊन बसलेली ठाकरीण मान वर करूनही बघायची नाही.

बघायचंच असेल तर कर्जतहून खोपोली लोकल धरा आणि डोंगराच्या बाजूची खिडकी घ्या. पळसदरी सुटल्यावर घाटाचे रूळ बाजूला होऊन वर चढताना स्पष्ट दिसतात. परतीची वेळ मात्र आधी बघून ठेवा.