विटलेल्या प्रिंटवरून चित्राचा भाव ठरवू नका

ताई, 'पिवळा म्हणजे आनंद, निळा म्हणजे दुःख' असं स्थिरचित्राच्या, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्राच्या, रसग्रहणात लिहिलं म्हणून तुमच्या मुलीचे गुण गेले, हे वाचलं आणि माझं डिप्लोमाचं दुसरं वर्ष डोळ्यांसमोर आलं.

आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात, पश्चिमेच्या भिंतीवर, फ्रेंच चित्रकार सेझानच्या सफरचंदांची प्रिंट होती. तिच्यासमोर बसून मी चार पानं लिहिली: निळसर रंग, गारवा, एकटेपणा. नापास झाले. नंतर चांगल्या छपाईचं पुस्तक मिळालं, तर सफरचंदं लाल-पिवळी, रसरशीत! छापील चित्रातला लाल-पिवळा उन्हाने आधी उडतो, निळा मागे राहतो. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात तर विचारूच नका. फेरतपासणीसाठी कार्यालयात किती खेपा घातल्या! प्रत्येक वेळी नवा अर्ज, नवी खिडकी. 'चित्र तेच आहे ना?' एवढंच उत्तर. वर्ष गेलं. त्याचा राग अजून आहे. विटलेली प्रिंट मात्र कुणी काढली नाही.

मी समीक्षक नाही, शाळेत चित्रकला शिकवते, तेव्हा हे माझं मत समजा. रंगांचे ठरावीक अर्थ पाठ करून घेणं मला साफ नामंजूर आहे. व्हॅन गॉगने 1888 मध्ये फ्रान्समधल्या आर्लला सूर्यफुलं रंगवली, ती त्याचा चित्रकार मित्र गोगँ राहायला येणार म्हणून, त्याची खोली सजवायला. त्या पिवळ्यात वाट बघणं आहे आणि माना टाकलेली फुलंही आहेत. नुसतं 'आनंद' लिहून कसं भागेल? सतराव्या शतकातल्या डच चित्रांत कवटी, विझलेली मेणबत्ती यांचे अर्थ बऱ्यापैकी ठरलेले असत, ते खरं. पण ते वस्तूंचे, रंगांचे नव्हेत.

मुलीला एक करायला सांगा. खिडकीशी पोत्यावर तांब्याचा गडू, मोसंबी आणि पांढरा कांदा मांडा. दुपारी बघा, दिवेलागणीला परत बघा. गडूची तांबूस झाक कांद्याच्या अंगावर पडते, ती शोधायला लावा. दुपारी सावलीची कड सुरीसारखी असते, संध्याकाळी ती विरघळते. वस्तू त्याच, भाव वेगळा. तो कशामुळे बदलला, हे तिने आपल्या शब्दांत लिहावं. आधी उजेड, मग शेजारशेजारचे रंग, अर्थ सगळ्यात शेवटी.

आणि मोबाइलवर चित्र बघत असाल तर डोळ्यांसाठीचा तो पिवळा मोड आधी बंद करा. माझ्या वर्गातल्या दोघांनी परवा पांढऱ्या चादरीला 'उबदार' लिहिलं होतं.