अडीनडीचे पैसे आणि सेलमधला सोफा

चि. लेकरा,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला. फोनवर बोलता आलं असतं, पण आकडे नुसते ऐकून डोक्यात बसत नाहीत, डोळ्यांसमोर लागतात. म्हणून लिहायला बसलो.

तू लिहिलंस की खात्यात ६८ हजार साठलेत. दुकानात पलंग, कपाट आणि सोफा असा ९२ हजारांचा सेट ५२ हजारांना लावलाय, सेल दिवाळीच्या पाडव्यापर्यंतच आहे. आणि भाऊबीजेला आई पहिल्यांदा तुझ्या खोलीवर येणार आहे. हे शेवटचं तू जाता जाता लिहिलंस, पण सगळ्या मेसेजचा जीव तिथंच आहे. जन्मभर सतरंजीवर बसलेल्या आईला लेकीच्या कमाईच्या सोफ्यावर बसवावं, असं तुला वाटतं. या इच्छेला मी उधळपट्टी म्हणणार नाही. तूही म्हणू नकोस.

आता एक कागद घे आणि महिन्याचा न टळणारा खर्च लिही. तू मागे सांगितलेले आकडे मला पाठ आहेत : खोलीभाडं ६,५००, किराणा-दूध-गॅस ५,०००, पेट्रोल २,०००, वीज आणि मोबाइल १,०००, गावी पाठवतेस ते ५,०००. झाले १९,५००. उद्या नोकरी थांबली तरी हे थांबत नाहीत. तीन महिन्यांचे ५८,५०० होतात. हे अडीनडीचे पैसे, यांना हात लावायचा नाही. म्हणजे फर्निचरसाठी तुझ्याकडे ६८ हजार नाहीत, साडेनऊ हजार आहेत. दुकानात जाशील तेव्हा हाच आकडा मनात धरून जा.

गावी पाठवायचे पैसे मी मुद्दाम त्यात धरलेत. ३१ वर्षं मी बँकेच्या काउंटरच्या आत बसलो. मुदत ठेवीची पावती मोडायला कोण येतं आणि कधी येतं, हे मला तिथं कळलं. दवाखाना, लग्नकार्य वर्षभर चालूच असायचं. पण खरी रीघ लागायची जुलैत. मृगात पेरलं, कोंब वर आले, मग पावसाने ओढ दिली आणि शेत करपलं, की दुबार पेरणी. ३० किलोच्या बियाण्याच्या पिशवीवर एकरभर सोयाबीन होतं, आणि तीच पिशवी महिन्याभरात दुसऱ्यांदा घ्यायची. माणसं पावती हातात घेऊन मुकाट उभी राहायची. ज्यांच्याकडे पावती नव्हती ती आमच्या रांगेत दिसायचीच नाहीत, ती सावकाराच्या ओट्यावर असायची. शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. पेरणीला काढलेलं ते कर्ज पुढची दोन पिकं खाऊन जायचं.

तुझ्यासोबत कारखान्यात लाइनवर काम करणाऱ्या शहरातल्या मुलीची अडचण एका जागी असते. तुझी दोन जागी आहे, एक बजाजनगरच्या खोलीत आणि दुसरी गावाकडच्या त्या पाच एकरांत. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडे अतिवृष्टी झाली, हाताशी आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, तेव्हा बाबांना तूच १५ हजार पाठवले होतेस. ते खात्यात पडून होते म्हणून जाऊ शकले. तेव्हा तुझ्याकडे हप्ता असता तर?

हप्त्याचं आता नीट सांगतो, कारण दुकानदार तुला तोच मार्ग दाखवणार. ‘नो कॉस्ट ईएमआय’, १२ महिने, महिन्याला ४,३३३. ऐकायला हलकं वाटतं. तू एवढंच विचार, ‘रोख दिले तर कितीला द्याल?’ तो साडेअठ्ठेचाळीस म्हणाला, तर वरचे साडेतीन हजार हे व्याजच आहे. त्यावर प्रोसेसिंग फी निघते ती वेगळी. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली परिपत्रक काढून बँकांना सांगितलं होतं. व्याज कुठेतरी लपलेलं असतं, फीमध्ये नाहीतर न दिलेल्या सवलतीमध्ये.

पण साडेतीन हजारांपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीची काळजी आहे. हप्ता सुरू झाला की तोही न टळणारा खर्च होतो. तुझे १९,५०० चे २३,८३३ होतात. मग तीन महिन्यांसाठी ५८,५०० पुरत नाहीत, साडेएकाहत्तर हजार लागतात. म्हणजे सोफा घरात आला त्या दिवशी, खात्यातून एक रुपया न काढताही, तुझी अडीनडीची गरज १३ हजारांनी वाढते आणि सगळे ६८ हजार धरले तरी साडेतीन हजार तोकडे पडतात. हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नसतं. आणि रोख घेतलंस तर? ६८ मधून साडेअठ्ठेचाळीस गेले, उरले १९,५००. बरोबर एक महिना. तुझं कंत्राट मार्चमध्ये नवं व्हायचंय. ते झालं तर आनंदच आहे, पण एका महिन्याच्या शिल्लकीवर तू मार्चची वाट बघू नयेस असं मला मनापासून वाटतं.

सेल पाडव्याला संपेल ही भीती काढून टाक. आपल्या भागात दसरा-दिवाळीला सेल का लागतात, ते आडत बाजारात उभं राहिलं की समजतं. सोयाबीन विकल्याची पट्टी हातात पडते ते हेच दिवस. शेतकऱ्याच्या खिशात वर्षातून एकदा गठ्ठ्याने पैसा येतो आणि दुकानं त्याची वाट बघत असतात. पुढे २६ जानेवारी आहे, गुढीपाडवा आहे, अक्षय्य तृतीया आहे. त्या त्या वेळी पुन्हा पाट्या लागतील. आणि ९२ चे ५२ झाले म्हणून ४० हजार वाचले असं धरू नकोस. ९२ ला तो सेट कुणी नेला होता, हे आपण पाहिलेलं नाही.

सेट कशाचा आहे तेही बघ. त्या भावात बहुधा भुश्शाच्या दाबलेल्या फळ्या असतात, वरून चकचकीत कागद. फरशी पुसताना कडेने पाणी लागलं की त्या फुगतात, आणि एकदा खोलून पुन्हा जोडल्या की स्क्रू धरत नाहीत. तुझा भाडेकरार ११ महिन्यांचा. खोली बदलली की टेम्पोत चढवताना निम्मं कपाट तिथंच खिळखिळं होईल. कधी प्लायचं घ्यायची वेळ आली आणि दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणाला, तर फळीवर आयएसआयचा ७१० चा छाप शोध. ३०३ चा साधा एमआर प्लाय दमट हवा सोसतो, पाण्यात टिकत नाही.

पैसे कुठे ठेवायचे, हे तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. ५८ हजारांची एकच पावती करू नकोस. दहा-दहा हजारांच्या पाच कर, उरलेले बचत खात्यात ठेव, पण ज्या खात्यावरून तू फोनने चहा-नाश्त्याचे पैसे देतेस त्यात नको. गरज १० हजारांची निघाली तर एकच पावती मोडेल, बाकीच्यांचं व्याज चालू राहील. मुदतीआधी मोडली तर साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कमी मिळतं, तेवढं सोसायचं. जास्त व्याजाच्या आशेने मल्टिस्टेट पतसंस्थेत मात्र टाकू नकोस, कुणी ओळखीचा आग्रह करत असला तरी. बँक बुडाली तर २०२० पासून ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. आपल्याच जिल्ह्यांत बंद शटरसमोर पासबुक घेऊन बसलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यातले काही माझ्याच काउंटरवरून पैसे काढून तिकडे गेले होते. मी तेव्हा हात धरून थांबवायला हवं होतं, ते मी केलं नाही. तुला म्हणूनच न विचारता सांगतोय.

आता साडेनऊ हजारांचं. ते वाचवून ठेव असं मी म्हणणार नाही. आठ महिने तू फरशीवर चटई टाकून झोपतेस, रात्रपाळी करून येतेस, आणि कंबर धरते असं दोनदा लिहिलंस. पलंग आणि गादी ही तुझी गरज आहे, ती आजच भागव. माझा भाचा तिकडेच राहतो. त्याला मी फॅब्रिकेशनवाल्याकडे पाठवलं होतं. लोखंडी पलंग, चौकोनी पाइपचा, वर प्लायची फळी, ऑइलपेंट मारून साडेपाच हजार सांगितले. वेल्डिंगचा पलंग चार खोल्या बदलल्या तरी तसाच राहतो. गादी नवी फोमची घेण्याआधी घरची एखादी कापसाची जुनी गादी असेल तर पिंजून घे, खोळ नवी शिव. दोन हजारांच्या आत बसेल. उरलेल्यात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या येतात.

सोफ्याचं नाव कागदावर राहू दे. पगार साडेसत्तावीस, न टळणारा खर्च साडेएकोणीस, वर दोन हजार तुझ्या हौसेचे. ते कापू नकोस. सहा हजार उरतात. तीन अडीनडीत, तीन फर्निचरच्या वेगळ्या खात्यात. नोव्हेंबर ते मार्च, पाच महिन्यांत १५ हजार इकडे आणि १५ हजार तिकडे. गुढीपाडव्याला १५ हजार घेऊन दुकानात गेलीस तर सागवानी दिवाण मिळणार नाही, पण जुन्या फर्निचरवाल्याकडे मजबूत लाकडाचा दोन माणसांचा सोफा मिळू शकेल. बैठकीचं कापड बदललं की झालं. तोवर कंत्राटाचंही कळलेलं असेल. मध्येच बाबांचा फोन आला तर आधी फर्निचरचं खातं रिकामं कर, पावत्यांना नंतर हात लाव. आणि पावती मोडावी लागली तर वाईट वाटून घेऊ नकोस, ती त्यासाठीच केलेली आहे.

आई येईल तेव्हा ती सोफा शोधणार नाही. लेक कुठे झोपते, काय खाते, दाराची कडी नीट लागते का, हे बघेल. तिला आधीच फोन करून सांग, येताना तिने शिवलेली वाकळ घेऊन ये म्हणावं, नव्या गादीवर टाकायला.

आणि पलंग सांगताना एक लक्षात ठेव. फॅब्रिकेशनवाला तीन बाय सहाचा करून देतो म्हणेल, पाचशे रुपये कमी पडतात म्हणून. तू चार बाय सहाचाच घे. आई आली की दोघी मावाल.

तुझा,
काका