फवारणीचं औषध पोटात गेलं तर विष माहिती केंद्राला फोन करून काय उपयोग?

दवाखाना आधी, १०८ लगेच लावा. पण गाडी येईपर्यंत दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राला १८०० ११६ ११७ वर फोन करा, चोवीस तास चालू असतो. तिथले लोक डॉक्टरलाही सल्ला देतात.

आपल्या मराठवाड्यात कपाशीच्या फवारणीत हे कधीही घडू शकतं. म्हणून बाटली सोबत न्याच! लेबलवर घटकाचं नाव, उतारा आणि विषाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकावर अ‍ॅट्रोपिन हे औषध देतात, पॅराक्वाट या तणनाशकाला उताराच नाही. नाव कळलं नाही तर डॉक्टरला अंदाजावर जावं लागतं.

आणि कृपा करून मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. विष फुफ्फुसात जातं.