नोकरी घ्या, पण आधी यजमानांचा विमा

प्रश्न: मी ३९ वर्षांची, ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहते. ऐरोलीच्या एका कंपनीत आठ वर्षं पेरोलचं काम केलं, मुलगी झाल्यावर २०१८ मध्ये नोकरी सोडली. तेव्हा पगार ३८ हजार होता. आता ऐरोलीतच ऑफर आली आहे, हातात ४२ हजार येतील. शाळेनंतरचं पाळणाघर, पोळीभाजीच्या मावशी आणि प्रवास यात २० हजार जातील. उरलेल्या २२ हजारांसाठी एवढी ओढाताण करावी का? एचआरवाल्या म्हणतात, दोन वर्षांत पगार दुप्पट होईल. मिस्टर ४३ वर्षांचे, सव्वा लाख हातात येतात. घरकर्ज ५२ लाख बाकी आहे, ८ टक्के व्याज, १७ वर्षं, हप्ता ४७ हजार. घरखर्च ७० हजार. त्यांना थोडं बीपी आहे, गोळी चालू आहे. कंपनीकडून २५ लाखांचा विमा आणि पाच लाखांचं मेडिक्लेम आहे. एफडी दीड लाखाची. माझा पीएफ ५ लाख ८० हजार मिळाला होता, तो इंटिरिअरला गेला. २०२१ मध्ये बँकेतून माझ्या नावावर गॅरंटीड इन्कमची पॉलिसी घेतली: १२ वर्षं दरवर्षी एक लाख भरायचे, २०३४ पासून १२ वर्षं दरवर्षी दोन लाख मिळणार. पाच हप्ते भरलेत, सहावा जानेवारीत आहे. बँकेतल्या मॅडम म्हणतात, नोकरी लागली की तशीच दोन लाखांची अजून एक घ्या, टॅक्सही वाचेल.

उत्तर: नोकरी घ्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे आणि त्याबद्दल मला शंका नाही. पण तुमच्या पत्रात मी अडकलो ते दुसऱ्याच वाक्यापाशी. पॉलिसी ‘माझ्या नावावर’ आहे, असं तुम्ही जाता जाता लिहिलं आहे.

तुमच्या घरात आज एकच पगार येतो आणि तो यजमानांचा आहे. वाईट वाटलं तरी हा हिशेब करायलाच हवा. ते नसले तर ७० हजारांचा खर्च ५५ वर येईल, त्यावर ४७ हजारांचा हप्ता. महिन्याला एक लाखाच्या वर लागणार. कंपनीचे २५ लाख दोन वर्षांत संपतील. मुलगी तेव्हा प्राथमिक शाळेतच असेल आणि कर्जाची पंधरा वर्षं बाकी असतील. शिवाय ते २५ लाखसुद्धा कंपनीची नोकरी आहे तोवरच. त्यांनी नोकरी बदलली किंवा त्यांची नोकरी गेली, की विमाही गेला.

आणि तुमची पॉलिसी? ती तुमच्या आयुष्यावर आहे. यजमानांना काही झालं तर त्यातून एक रुपया मिळणार नाही, उलट लाखाचा पुढचा हप्ता तुम्हालाच भरावा लागेल. २०२१ मध्ये तुमची कमाई शून्य होती. ज्या माणसाच्या पगारावर घर चालतं त्याचा विमा काढायचा, ही या धंद्यातली पहिली गोष्ट. बीपीमुळे यजमानांची मेडिकल तपासणी लागली असती, वेळ गेला असता, म्हणून सोप्या नावाने फॉर्म भरला गेला असेल. कारण काहीही असो, ५२ लाखांचं कर्ज डोक्यावर असलेल्या कुटुंबाला कमावत्या माणसाचा विमा सोडून हे विकणं चूक होतं, आणि तुम्हाला कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं.

‘पैसे दुप्पट, तेही गॅरंटीड’ असं तुम्हाला सांगितलं असणार. दुप्पट होतात, खरं आहे. २०२१ चा एक लाख २०३४ मध्ये दोन लाख होऊन येतो, २०२२ चा २०३५ मध्ये. म्हणजे प्रत्येक लाखाला तेरा वर्षं. दुप्पट व्हायला लागलेल्या वर्षांनी ७२ ला भागलं की अंदाजे व्याजदर निघतो. ७२ ला १३ ने भागा, व्याज निघालं साडेपाच टक्के. पीपीएफ ७.१ टक्के देतं, तिथे दहा वर्षांत दुप्पट होतात. तुमचा मोडलेला पीएफ तसाच पडू दिला असता तरी त्यावर व्याज चालू राहिलं असतं. गेल्या सात वर्षांत सव्वाआठच्या आसपास दर मिळाला, ५ लाख ८० हजारांचे आज साधारण १० लाख झाले असते. ते होऊन गेलं. पुन्हा कधी नोकरी सुटली तर पीएफला हात लावू नका, एवढंच.

मग पॉलिसी मोडायची? अशी पत्रं वाचून ‘ताबडतोब सरेंडर करा’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. घाई करू नका. चौथ्या ते सातव्या वर्षात सरेंडर केलं तर भरलेल्या हप्त्यांच्या किमान निम्मे मिळतात, म्हणजे अडीच लाख. त्याऐवजी हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप केली, तर बहुतेक योजनांत लाभ भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात राहतो. तुमचे बारापैकी पाच हप्ते भरलेत, म्हणजे दोन लाखांऐवजी वर्षाला ८३ हजार, तेही ठरल्याप्रमाणे १२ वर्षं. अडीच लाख बाहेर काढून तेवढे उभे करायला ११ टक्क्यांच्या वर करमुक्त परतावा लागेल. म्हणून पेड-अप. मात्र कंपनीकडून सरेंडरची आणि पेड-अपची अशा दोन्ही रकमा लेखी मागवा. बँकेतल्या मॅडमचं तोंडी उत्तर चालणार नाही.

राहिलेले सात हप्ते भरत राहिलात तर काय? त्या पैशांवर साधारण सात टक्के सुटतील. फार वाईट नाही. पण तुमचं घरकर्जच आठ टक्क्यांचं आहे आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जानेवारीतला तो एक लाख तुम्हाला दुसरीकडे हवा आहे.

यजमानांचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा साधा विमा, दीड कोटीचा घ्या. ५२ लाख कर्जाचे आणि वर्षाला साडेसहा लाखांप्रमाणे १५ वर्षांचा घरखर्च, एवढं मिळून ती रक्कम येते. या वयाला वर्षाचा हप्ता ४० हजारांच्या आसपास, बीपीमुळे थोडा वर जाईल. बीपी आणि गोळीचं नाव फॉर्मवर लिहायचंच. ‘थोडंसंच आहे, कशाला लिहायचं’ असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडून पॉलिसी घेऊ नका. पहिल्या तीन वर्षांत क्लेम आला आणि लपवलेली गोष्ट निघाली तर तो नाकारला जाऊ शकतो. प्रस्ताव भरतानाच हा टर्म १८७४ च्या विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली घ्या. मग त्या पैशावर तुमचा आणि मुलीचाच हक्क राहतो, यजमानांना कर्ज देणारे त्याला हात लावू शकत नाहीत. नंतर ही सोय जोडता येत नाही.

दुसरं, घराचं स्वतःचं मेडिक्लेम, दहा लाखांचं. तिघांचे २८-३० हजार होतील. आधीपासून असलेल्या बीपीसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असू शकतो, तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही. तो काळ कंपनीचं कव्हर चालू असतानाच संपून जाऊ द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावर जीएसटी नाही, तेवढा भारही कमी झाला. दोन्ही मिळून ७०-७५ हजार. जानेवारीचा एक लाख भरला नाही तर दोन्ही त्यातूनच होतात आणि वर २५ हजार उरतात. तुमच्या पगाराला हातही लावावा लागत नाही.

क्रम चुकवू नका. टर्मची मेडिकल आधी होऊ द्या, पॉलिसी हातात येऊ द्या. जुन्या पॉलिसीला हप्त्याच्या तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात हे जमतं.

आता तुमच्या पगाराचं. दोन वर्षांत दुप्पट होईल हे विसरा. वर्षाला आठ-दहा टक्के वाढ धरा, जास्त मिळाली तर आनंद. सात वर्षांनी परतताना ३८ चे ४२ होणं मनाला लागतं, मी समजू शकतो. पण पहिल्या वर्षी तुम्हाला खरं हवं आहे ते बायोडेटावर चालू तारीख आणि हातात सॅलरी स्लिपा. पुढची उडी त्यावर ठरते. आणि तुमचा २२ हजारांचा आकडाही अपुरा आहे. बेसिक २५ हजारांच्या आसपास असेल तर तुमचे तीन आणि कंपनीचे तीन, असे सहा हजार दरमहा पीएफ आणि पेन्शनसाठी जातील. म्हणजे २८. पाळणाघराचा खर्च चार-पाच वर्षांत आपोआप संपेल. आणि तो एकट्या तुमच्या पगारातून वजा करायचा, हे कुणी ठरवलं? मुलगी दोघांची आहे.

वेळेचं मात्र खरोखर बघा. घोडबंदरवरून ठाणे स्टेशन गाठेपर्यंतच माणूस दमतो, पुढे ट्रान्स-हार्बरने ऐरोली दोनच स्टेशनं. ऑफर स्वीकारण्याआधी आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागा. दोन हजार कमी मिळाले तरी चालेल.

टॅक्स वाचवण्याची भाषा कुणी करत असेल तर त्यांना सरळ विचारा, कोणता टॅक्स? तुमचा वर्षाचा पगार साडेपाच लाखांच्या आसपास. नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. वाचवायला काही नाहीच. दोन लाखांची नवी पॉलिसी घेतली तर तुमच्या वर्षाच्या २ लाख ६४ हजारांतले बहुतेक पैसे पुन्हा साडेपाच टक्क्यांत बारा वर्षांसाठी अडकतील. मी तर म्हणेन, नोकरी लागल्याचं त्या मॅडमना कळवूच नका. सही करून बसला असाल तर कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, पैसे मिळतात.

पहिल्या वर्षाचे सगळे २२ हजार एफडीत टाका. तुमचा महिना सव्वा लाखाचा आहे आणि बाजूला दीड लाख, हे फार कमी आहे. सात-साडेसात लाख होईपर्यंत म्युच्युअल फंडाचा विषय नको. तीन सॅलरी स्लिपा झाल्या की तुमचाही ५० लाखांचा टर्म घ्या, कारण तेव्हा घर तुमच्याही पगारावर उभं असेल.

रुजू होताना पीएफच्या फॉर्म ११ वर जुना यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, लिहा, नवा काढू देऊ नका. पीएफ काढताना तुम्ही १०सी हा फॉर्म भरून पेन्शनचेही पैसे घेतले होते का, तेही पासबुकात बघून ठेवा. घेतले नसतील तर तुमची आठ वर्षं तिथे शाबूत आहेत. अजून दोन भरली की दहा होतात आणि ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क मिळतो.