तलावात चारा किती टाकायचा?

प्रश्न : आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर गळ टाकणारी पोरं उन्हाळ्यात आधी पोतंभर ढेप (पेंड) अन् कोंडा पाण्यात ओततात, अन् मग पहाटे मासे वर तोंड काढून दिसतात. याचा काही संबंध आहे का?
– एक वाचक, भंडारा जिल्हा

उत्तर : दादा, संबंध आहेच, आणि तुम्ही पहाटेचं लिहिलं तेच महत्त्वाचं. न खाल्लेला चारा तळाशी बसून सडतो, सडवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन ओढतात, रात्री शेवाळही तो बनवत नाही, उलट वापरतं, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो अन् रोहू-कटला वर येऊन तोंड उघडझाप करतात. त्यात 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्राम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला साडेसातच, मग मे महिन्यातल्या आटलेल्या तलावात पोतं ओतायचं म्हणजे माशांचा जीवच घेणं झालं, हे चुकीचंच आहे. गळाला कणकेची लहान गोळी पुरते. चारा टाकायचाच तर मूठभर, अन् तो संपला तरच पुन्हा. जिवंत आमिष म्हणून बाहेरचे मासे आणून उरलेले तलावात सोडू नका, थाई मांगूर तर मुळीच नाही, तो बाकीचे मासे खातो, त्याच्यावर बंदी आहे. तलाव ढिवर (मच्छीमार) सोसायटीकडे असेल तर त्यांना आजच सांगा, त्यांचं पोट त्यावर आहे.